शून्य कुणाला धरायचं

याद्यांची मला किळस येते. जगातले दहा थोर भौतिकशास्त्रज्ञ, आजवरचे पंचवीस थोर प्रयोगकर्ते, कोण पहिला, कोण चौथा, कुणाला लोकांनी उगाच डोक्यावर घेतलंय. दर विज्ञान दिनाला आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर अशी एखादी यादी येऊन पडते आणि तिच्याखाली भांडणं जुंपतात. सफरचंदवाले मोठे की विस्कटलेल्या केसांचे मोठे. ज्यांनी जन्मात थर्मामीटर फक्त काखेत धरला तेही हिरिरीने क्रमांक लावत असतात. पूर्वी मी न वाचता पुसून टाकायचे. आता तेवढ्यावर भागत नाही, कारण अशाच एका यादीतून आमच्या संस्थेत एका माणसाची माती झाली. ती होताना मी बघत होते, आणि नुसती बघत होते असंही म्हणता येणार नाही.

मी बंगळुरात आले त्याला तीस वर्षं होऊन गेली. माहेर सांगली, घर के. आर. पुरमला, नोकरी एका सरकारी संशोधन संस्थेत. काम अतिथंड तापमानांचं. म्हणजे हेलियम वायूचा द्रव होतो इतक्या थंडीचं. एका माणसाएवढ्या स्टीलच्या थर्मासमध्ये धातूचा बारका तुकडा टांगायचा, हेलियम भरायचा आणि त्या थंडीत तो तुकडा काय करतो ते तासन्‌तास बघत बसायचं. लग्नानंतर नवऱ्याला हे समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे कुल्फी." तेव्हापासून मी त्याला काही समजावत नाही.

शेजारच्या खोलीत अण्णा. माझ्याहून दोन-अडीच वर्षांनी मोठे. येलहंकाच्या जुन्या मराठी घराण्यातले, साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्यांपैकी. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड, माझ्या मराठीत निम्मं इंग्रजी, पण आमचं कधी अडलं नाही. मी त्यांना अण्णा म्हणते, ते मला अक्का. संस्थेत कुणाचंही यंत्र बिघडलं की आधी अण्णांना हाक जायची, आणि ते "सरी, येतो" म्हणून हातातलं काम टाकून जायचे. दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त करण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली. त्या यंत्रांवर लोकांनी पेपर लिहिले आणि शेवटी आभारात यांचं नाव घातलं, तेही आठवण राहिली तर.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट आधी सांगायला हवी. आमच्या थंडीत पाऱ्याचा थर्मामीटर चालत नाही. तांदळाच्या दाण्याएवढी एक चकती असते. तिचा विद्युतरोध मोजायचा आणि तक्त्यात बघायचं, इतका रोध म्हणजे इतकं तापमान. अडचण अशी की प्रत्येक चकतीचा तक्ता वेगळा असतो, एकाच दिवशी एकाच कारखान्यात झालेल्या दोन चकत्यांचासुद्धा. तक्ता बनवणं महिनोन्‌महिन्यांचं काम. त्यामुळे तो एकदा झाला की त्याची झेरॉक्स थर्मासच्या अंगावर चिकटवायची, आणि पुढे येणाऱ्याने तीच मुकाट वापरायची, अशी आमच्याकडची रीत. हा तक्ता नक्की याच चकतीचा ना, असं विचारणं म्हणजे आधीच्या माणसावर संशय घेणं. कोण विचारणार?

मधे कधीतरी दुरुस्तीत कुणीतरी चकती बदलली आणि तक्ता जुनाच राहिला. त्या थर्मासवर अण्णांनी एक मोठा पेपर केला, त्यांच्या आयुष्यातला एकमेव मोठा. आणि त्याच थर्मासवर, त्याच तक्त्यावर, मी माझा केला. माझा पेपर गाजला. एका मिश्रधातूतला बदल नेमक्या कोणत्या तापमानाला होतो ते मी मोजलं होतं, आणि आकडा सिद्धान्ताशी असा चपखल बसला होता की लोक परिषदांमधून तो आलेख पडद्यावर दाखवायचे. अजून दाखवतात.

घोळ अण्णांनीच शोधून काढला. एका सकाळी चकती आणि तक्ता दोन्ही हातात घेऊन माझ्या खोलीत आले. म्हणाले, "अक्का, हिचा तक्ता हा नव्हे. आपले दोघांचेही आकडे चुकले." त्यांनी त्याच आठवड्यात मासिकाला पत्र लिहून आपला पेपर मागे घेतला. कुणी मागितलं नव्हतं, कुणाला कळलंही नसतं. मी म्हटलं, जरा पडताळून बघते. पडताळलं नाही. आधी मुलीची बारावी होती, मग सासूबाई आजारी होत्या, मग माझी परिषद होती, आणि मग इतके दिवस उलटले की आता कुठे बोलायचं असं झालं. खरं सांगायचं तर मला पडताळायचंच नव्हतं. अण्णांनी पुन्हा विषय काढला नाही, आणि ते काढत नाहीत याबद्दल मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानत राहिले. आता लिहितानाही शिसारी येते.

तेव्हापासून अण्णा एकच काम करत होते. जुने सगळे नमुने पुन्हा, बरोबर तक्ता लावून मोजायचे. संस्थेत हेलियमचा तुटवडा, त्यामुळे त्यांची पाळी दोन-तीन महिन्यांनी एकदा यायची. एका पाळीत एक नमुना, तोही यंत्राने साथ दिली तर. बहुतेक झाले होते, पाच-सहा राहिले होते. या जूनअखेर ते निवृत्त होणार होते. पण आमच्याकडे वरची श्रेणी मिळाली की दोन वर्षं मुदतवाढ मिळते, प्रयोगशाळेसकट. श्रेणी नाही तर खोली रिकामी आणि थर्मास भंगारात. बढतीचा पगार, खुर्ची, दारावरची पाटी यातलं त्यांना काही नको होतं. ती दोन वर्षं हवी होती.

आता आमचे संचालक. पुण्याचे, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, परदेशात राहून आलेले. बाकीच्यांशी इंग्रजी-हिंदी, माझ्याशी काम असलं की मराठी. काम लहान असलं तर मी मॅडम, मोठं असलं तर ताई. त्यांना बढतीसाठीची जुनी मुलाखतीची पद्धत आवडायची नाही. पाच म्हातारे बसतात आणि आपापला बाब्या वर चढवतात, असं म्हणायचे. ते खोटंही नव्हतं. म्हणून त्यांनी गुणांचं एक सूत्र तयार केलं. पेपर किती, ते इतरांनी किती वेळा वापरले, विद्यार्थी किती घडवले, परदेशी सहकार्य किती. मागे घेतलेला पेपर असेल तर घसघशीत वजाबाकी.

सूत्र बरोबर आहे की नाही हे तपासायचं कसं? इथे आमच्या मोजमापवाल्या जातीचा माणूसच करील अशी चूक झाली. थर्मामीटर तपासतात तसं ते तपासायचं ठरलं. म्हणजे ज्यांचं मोठेपण आधीच ठाऊक आहे अशांना सूत्रात घालायचं आणि आकडे बरोबर येतात का बघायचं. झालं, चहाच्या वेळी जगातले थोर भौतिकशास्त्रज्ञ एक्सेलच्या तक्त्यात जाऊन बसले.

पहिल्या फेरीत सफरचंदवाले आमच्या संचालकांच्या खाली आले. पेपर कमी, विद्यार्थी जवळजवळ नाहीत, परदेशी सहकार्य शून्य, सहकाऱ्यांशी संबंध वाईट. रेडियमवाल्या बाई आमच्या हेलियम प्लँटच्या प्रमुखाच्या दोन घरं खाली. एखाद्या शहाण्या माणसाने तिथेच लॅपटॉप मिटून कपाळाला हात लावला असता. संचालक दोन मिनिटं ओशाळले, मग त्यांचा चेहरा जरा खुललासुद्धा. मग कालखंडाचा गुणक आला, मग प्रभावाचा, मग आणखी एक आला ज्याला नावच नव्हतं. आठवडाभर हे सगळे पिळून-पिळून शेवटी सफरचंदवाले एकदाचे पहिले आले, विस्कटलेल्या केसांचे दुसरे. तेव्हा टाळ्या पडल्या. सूत्राने थोर माणसं ओळखली, सूत्र सिद्ध झालं. अहो, उत्तर आधी मांडून तुम्ही गणित लिहिलंत. दहावीच्या पोराने असं केलं तर बाई वहीवर लाल रेघ मारतात, आणि इथे डॉक्टरेट झालेले वीस जण समोसे खात टाळ्या पिटत होते.

मी टाळ्या पिटल्या नाहीत. पण मी जे केलं ते वाईट होतं. संचालक म्हणाले, "सफरचंदवाले म्हणजे शंभर. बाकी सगळे त्यांच्या खाली." आणि माझी जीभ वळवळली. तीस वर्षं तापमान मोजतेय, गप्प बसवेना. मी म्हटलं, "एका बिंदूवर पट्टी होत नाही. बर्फ आणि उकळतं पाणी, दोन लागतात. शंभर धरलंत तर शून्यही धरा." संचालकांना ते फारच आवडलं. "करेक्ट, ताई. शून्य कुणाला धरायचं?" कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "आहेत की शेजारी. एकच पेपर केला, तोही परत घेतला." सगळे हसले. अण्णा तेव्हा खालच्या मजल्यावर कुणाचा तरी पंप उघडून बसले होते. मीही हसले. फार नाही, पण हसले.

मला वाटलं, चहाबरोबर संपलं. तसं नव्हतं. त्याच पट्टीवर गेल्या वर्षी काही बढत्या झाल्या. त्यात माझीही झाली, त्या गाजलेल्या पेपरच्या जोरावर. पेढे वाटले. अण्णांनीही एक घेतला आणि म्हणाले, "चांगलं झालं, अक्का."

यंदा मूल्यांकन समितीवर मला घेतलं. समोर तीन फाइली, तिसरी अण्णांची. संचालकांनी पडद्यावर तक्ता उघडला. वर शंभरची ओळ, सफरचंदवाल्यांची. सगळ्यात खाली शून्याची ओळ, नावाच्या जागी नुसतं एक अक्षर. पेपर इतके, मागे घेतलेला एक, विद्यार्थी इतके, नोकरीची वर्षं इतकी. मी अण्णांची फाइल उघडली आणि आकडा-आकडा ताडून बघितला. तेच होते. चहावरची थट्टा कुणीतरी जशीच्या तशी तक्त्यात भरली होती आणि वर्षभर सगळ्यांचे गुण त्यांच्यापासून मोजले जात होते. अण्णांचे गुण शून्य. दुसरे काही येणंच शक्य नव्हतं.

मी म्हटलं, "हे बरोबर नाही. उमेदवारालाच शून्य धरलंय."

संचालक शांतपणे म्हणाले, "ताई, कुणाला तरी धरावं लागणारच. आयडिया तर तुमचीच होती."

"मग दुसरं कुणीतरी धरा."

"शून्य हलवलं की सगळ्यांचे मार्क हलतात. लास्ट इयरच्या सगळ्या फाइली परत ओपन कराव्या लागतील." मग अगदी आपुलकीने, "तुमचीसुद्धा."

मी पाणी प्यायले. म्हटलं, स्वतःची चूक शोधून पेपर मागे घेणाऱ्याला वजाबाकी कशी करता, त्याची तर बेरीज हवी. ते म्हणाले, "मागे घेतला म्हणजे चूक होती. चूक म्हणजे मायनस. त्यात इमोशनल होण्यासारखं काही नाही." तिथे एक वाक्य बोलायचं होतं. तीच चूक माझ्या पेपरमध्ये आहे आणि तुम्ही तिला अधिक गुण दिलेत, एवढंच. ते वाक्य ओठांपर्यंत आलं होतं असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते ओठांपर्यंतसुद्धा आलं नाही. पोटातच राहिलं. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, असं आई शेजारणीबद्दल बोलायची. मी तिन्ही कागदांवर सही केली. संचालकांनी जेवायला बिसीबेळे भात मागवला होता. मी तो खाल्ला, आणि तूप आणखी मागितलं, हे मला नीट आठवतंय.

चार दिवसांनी गुणपत्रकं वाटली गेली. संध्याकाळी, मी पर्स आवरत असताना, अण्णा दारात आले. हातात तो एक कागद. मला वाटलं, आता चिडतील. मनाशी दोन-चार उत्तरंही जुळवली होती, सगळी खोटी.

ते बसले, चष्मा पुसला आणि कागद माझ्यासमोर ठेवला. "अक्का, स्वल्प बघा जरा. शून्य पूर्णांक शून्य शून्य."

"फार वाईट झालं, अण्णा."

"ते राहू द्या. मोजून कधी असं आलंय तुम्हाला? इतकं नेमकं शून्य? थोडं वर येतं, थोडं खाली येतं. इतकं नेमकं आलं म्हणजे ते मोजलेलं नाही, ठरवलेलं आहे. या पट्टीचं शून्य मीच आहे ना?"

तीस वर्षं या माणसाच्या शेजारी बसून मला हे सुचायला हवं होतं, की त्यांना सांगावं लागणार नाही, ते कागद बघून ओळखतील. मी म्हटलं, "हो." मग म्हटलं, "शून्य लागतं असं मी म्हटलं होतं. नाव माझ्या तोंडून नव्हतं गेलं." हे दुसरं वाक्य मी बोलले याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

"सरी," अण्णा म्हणाले. "शून्य लागतंच. तुम्ही बरोबर बोललात."

 मग त्यांनी विचारलं, श्रेणी नाही म्हणजे मुदतवाढ नाही ना. मी नाही म्हटलं. त्यांनी मान डोलावली. बोटांवर राहिलेले नमुने मोजले, जूनपर्यंतच्या हेलियमच्या पाळ्या मोजल्या. जमणार नव्हतं, ते त्यांनाही दिसलं.  खाली गेटवर येलहंकाची बस लागायची वेळ झाली होती, पण ते उठले नाहीत.

"फक्त एक चुकलं," ते म्हणाले. "मी शून्याला चालणार नाही. शून्याला न हलणारी वस्तू घ्यायची असते. बर्फ आज वितळतं तिथेच उद्या वितळतं. माझे आकडे दर पाळीला बदलतायत, नऊ वर्षं. चुकीवरून बरोबरकडे सरकतायत." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाजात टोमणा नव्हता, राग नव्हता. एखाद्या बिघडलेल्या पंपाबद्दल बोलावं तसं म्हणाले, "शून्याला तुमचा पेपर घ्या, अक्का. नऊ वर्षांत तो जागचा हललेला नाही."

आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि बससाठी निघून गेले.

पेपर मागे घेण्याचं पत्र चार ओळींचं असतं. जून संपला, खोली रिकामी झाली. मी ते अजून लिहिलेलं नाही.